आरसे नसलेलं रक्त

माझ्या भाभीला, म्हणजे थोरल्या भावाच्या बायकोला, प्रत्येक दुखण्यावरचं औषध माहीत असतं आणि ते बहुतेक वेळा पळसाच्या झाडावरच असतं. पोटात आग पडली, पळस. लघवीला जळजळ झाली, पळस. मी एकदा चिडून विचारलं, "भाभी, चश्म्याचा नंबर कमी कराले पन पळस हाय का?" तर ती खरोखरच विचार करत बसली.

तिचं नाव बसंतीबाई. माझा भाऊ पूनमसिंग राठोड. पुसदहून डोंगराच्या अंगाला आमचा तांडा आहे, तिथे त्यांची कपाशी-तुरीची शेती. मी लाली. पुसदच्या शाळेत मराठी शिकवलं आणि आता निवृत्त आहे. त्यामुळे पुढे रक्ताचं जे शास्त्र येणार आहे त्यात चूक निघाली तर ती माझी समजावी, डॉक्टरीणबाईंची नाही. घरात आम्ही बंजाऱ्यांची गोरबोली बोलतो, बाहेर वऱ्हाडी. इथे सगळ्यांचं बोलणं वऱ्हाडीतच लिहिते, नाहीतर निम्मे वाचक पहिल्याच संवादाला पळून जातील.

भाभीच्या हातात कसब आहे. लग्नाच्या आणि होळीच्या काचळ्या ती शिवते. काचळी म्हणजे आमच्या बायकांची आरशांची चोळी. आता रोज कोणी घालत नाही, पण लग्नात नवरीला हवीच असते. एकेक आरसा ती असा टाचते की काचळी कितीही आपटून धुतली तरी तो हलत नाही. होळीला लेंगी, म्हणजे आमची होळीची गाणी, म्हणायला उभी राहिली की गळा पहाटेपर्यंत बसत नाही. बोलण्यात तिखट, चालण्यात झपाझप. मी तिच्याहून लहान, तरी बाजारात मी मागे आणि ती पुढे.

तीच भाभी दोन वर्षांपूर्वी विहिरीवरून घरी येताना मधे बसायला लागली. दम लागायचा. डोळे पिवळसर दिसायचे. विचारलं तर म्हणायची, "उन्हाळी लागली, बाई. सकायी लाल होते, दुपारपावतर साफ." उन्हाळी म्हणजे उष्णतेनं लघवीला होणारा त्रास. त्यावर तांड्यातला जुना उपाय म्हणजे पळसाची फुलं. फाल्गुनात फुलं गोळा करायची, वाळवायची, पाण्यात भिजत घालायची आणि ते केशरी पाणी झोपताना प्यायचं. आमच्या आईनं आम्हाला हेच पाजलं होतं. भाभी रोज रात्री तांब्याभर पीत होती. सकाळी रंग दिसला की म्हणायची, फुलाचा रंग उतरून राह्यला, गुण येऊन राह्यला. घरातल्या कोणालाही त्यात वावगं वाटलं नाही, मलाही नाही. केशरी पाणी प्यायल्यावर सकाळी लाल रंग दिसला तर कोण घाबरणार?

ते पळसानंच उघडं पाडलं. श्रावणात छप्पर गळून माळ्यावरच्या डबड्यात पाणी शिरलं, फुलं भिजून बुरसली, तिनं ती उकिरड्यावर टाकली. त्यानंतर ती माझ्याकडे पुसदला आली होती. चहा पिता पिता अगदी सहज म्हणाली, "लालीबाई, फुलं तं कवाचीच सरली. रंग मातर सरला नाही."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. तसाच पदर खोचून तिला दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं तर अंगात असायला हवं त्याच्या निम्म्याहूनही कमी. डॉक्टरांनी आधी सिकलसेलची तपासणी केली, कारण आमच्या भागात तो आजार बराच आहे. आईबापाकडून रक्तातून मुलांत उतरणारा तो आजार. ती तपासणी साफ निघाली. डॉक्टर म्हणाले, "हे काहीतरी वेगळं आहे, नागपूरला दाखवा."

पण तांड्याला कोण समजावणार? उकंडा नावाचा एक गृहस्थ आमच्याकडे आहे, त्याच्या पोटात बातमी शिळी होत नाही. "पूनमसिंगच्या घरवालीले रक्ताचा आजार निघाला" एवढं त्यानं ऐकलं आणि "सिकल" हा शब्द स्वतःच्या पदरचा जोडून दिला. ती बातमी आमच्या आधी दारव्ह्याकडच्या एका तांड्यात पोचली.

तिथे रामीबाई चव्हाण राहतात. त्यांचा मुलगा सुनील मोटारपंप दुरुस्त करतो. माझी भाची उज्ज्वला, भाभीची एकुलती एक मुलगी, हिचं त्याच्याशी ठरत आलं होतं. एका लग्नात दोघं भेटले, फोनवर बोलू लागले आणि मग दोन्ही घरांना ते एकदमच कळलं. दिवाळीनंतर सगाईचा गूळ खायचा, एवढंच बाकी होतं. उकंड्याची बातमी गेली आणि रामीबाईंचा निरोप आला, "सध्या जरा थांबू." कारण काही सांगितलं नाही.

कारण सांगायची गरजच नव्हती, असं भाभीला वाटलं. ती मरणाला घाबरणारी बाई नाही. तिला भीती होती ती एकाच गोष्टीची, की आपलं रक्त पोरीत उतरलं असेल आणि आपल्यापायी तिचं लग्न मोडेल. तिनं उज्ज्वलाला सांगून टाकलं, "त्याले फोन नको करू. माह्या रक्तानं त्याचं घर नासवू नाही." उज्ज्वला ऐकून न ऐकल्यासारखं करायची, आणि मागच्या खोलीत जाऊन रडायची. भाऊ दोघींच्या मधे बसून तंबाखू मळायचा.

नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात आम्हाला डॉक्टर सुरभी भेटल्या. वयानं उज्ज्वलाहून थोड्या मोठ्या असतील. त्यांनी रक्त एका यंत्रात घालून तपासलं. ते यंत्र म्हणे एकेका पेशीच्या अंगावर काय आहे आणि काय नाही ते बघतं. रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी आम्हाला तिघांनाही समोर बसवलं. भाऊ, भाभी, मी. घाई नव्हती त्यांना, हे मला फार आवडलं.

त्या म्हणाल्या, "आजी, तुमच्या रक्तात जंतूंना मारणारी एक फौज असते."

"आजी कोनाले म्हनता?" भाभी म्हणाली. "पोरीचं लगीन नाही झालं अजून."

डॉक्टरीणबाई हसल्या आणि मावशीवर आल्या. मग त्यांनी सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. आपल्या रक्तात काही प्रथिनं विरघळलेली असतात. त्या सगळ्यांना मिळून कॉम्प्लिमेंट म्हणतात, मराठीत पूरक प्रणाली. ती कधी झोपत नाही. दिसेल त्या पेशीला जाऊन चिकटायचं, हा तिचा स्वभाव. जंतू असेल तर चिकटलेल्या एका प्रथिनावर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं असं करत शेवटी त्याच्या अंगाला आरपार भोक पडतं आणि जंतू फुटतो. गंमत अशी की ही फौज आपल्याच पेशींनाही चिकटायला बघते. मग आपण कसे जगतो? तर आपल्या पेशींच्या अंगावर रखवालदार असतात. त्यातले दोन महत्त्वाचे, सीडी पंचावन्न आणि सीडी एकोणसाठ. पहिला चिकटलेल्या फौजेची जुळणी अर्ध्यातच मोडून टाकतो. त्याच्यातूनही काही निसटलं तर दुसरा शेवटचं भोक पडू देत नाही.

"तुमच्या बऱ्याच लाल पेशींवर हे दोन्ही नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यामुळे तुमचीच फौज तुमच्या पेशी फोडते. फुटलेल्या पेशींचा रंग लघवीत उतरतो. त्या दिवसरात्र फुटतात, पण रात्रभर लघवी साचून दाट होते, म्हणून सकाळी रंग दिसतो."

भाऊ म्हणाला, "पन दोन्हीच्या दोन्ही काहून नाहीत? चोरी झाली का?"

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की ते दोघंही पेशीच्या अंगावर एकाच प्रकारच्या दोरीनं बांधलेले असतात. भाभीच्या पेशींत ती दोरीच तयार होत नाही. दोरी नाही, म्हणून बांधायचं ते काहीच टिकत नाही.

इतका वेळ भाभी खाली बघत होती. आता तिनं मान वर केली. "म्हंजे आरसा हाय, पन टाचाले धागाच नाही," ती म्हणाली. "आरसा खालीच पडन नं मंग."

"अगदी बरोबर, मावशी."

भाभीला पहिल्यांदा तिच्या दुखण्याचं काहीतरी कळलं होतं. तिचा चेहरा बदलला. माणसाला आपला आजार समजला की तो अर्धा तरी आपल्या हातात येतो, असं मला त्या दिवशी वाटलं. मग भावानं विचारलं की पेशींवरचं सगळंच गळून पडलं का. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाही. लाल पेशींवर आणखी एक ग्राहक, म्हणजे पकडून धरणारा, असतो, सीआर वन नावाचा. तो त्या दोरीवर अवलंबून नसतो. पेशीच्या कातडीतच आरपार रोवलेला असतो, म्हणून तुमच्या पेशींवरही तो शाबूत आहे. त्याचं काम वेगळं. फौजेनं खूण केलेली रक्तातली घाण तो धरून ठेवतो. लाल पेशी ते ओझं घेऊन यकृतापर्यंत जाते, तिथे ओझं उतरवून घेतलं जातं, आणि पेशी मोकळी होऊन परत फिरते.

हे ऐकल्यावर माझा भाऊ खुर्चीतच ताठ झाला. आमचे पूर्वज बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायचे, त्याला आम्ही लदेणी म्हणतो. आजोबांकडून ऐकलेल्या लदेणीच्या गोष्टी भाऊ संधी मिळेल तिथे सांगतो. "म्हंजे लदेणी चालूच हाय!" तो म्हणाला. "माल लादला, ठेसनावर उतरवला, बैल वापस!" दवाखान्याच्या त्या खोलीत आम्ही चौघंही हसलो.

हसू ओसरलं तेव्हा भाभीनं तिचा खरा प्रश्न विचारला. आवाज एकदम बारीक झाला होता. "डॉक्टरीणबाई, हे पोरीले जाते का?"

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नीट सांगा. मले बरं वाटावं म्हून नका सांगू."

मग त्यांनी नीट सांगितलं. हाडांच्या आतल्या मगजात रक्ताच्या आईपेशी असतात. त्यातल्या एकीत, मोठेपणी कधीतरी, चूक झाली. दोरी बनवायची ती विसरली. तिच्यापासून झालेल्या सगळ्या पेशी तशाच निघाल्या. पण मूल काही हाडांच्या मगजातून होत नाही. ही चूक तुमच्या रक्तातच राहिली, पोरीपर्यंत जायला तिला वाटच नाही.

भाभीनं तिथेच पदर तोंडाला लावला आणि हमसून हमसून रडली. मीही रडले, काय लपवायचं. भाऊ "चला, बस निघन" म्हणून उगाच घड्याळ बघत होता. बसला बराच वेळ होता.

औषधं सुरू झाली. फौजेलाच आवर घालणारं एक औषध आहे म्हणे, पण ते आमच्यासारख्यांच्या आवाक्यातलं नाही. बाकीच्या गोळ्या, अधूनमधून रक्त चढवणं आणि ताप आला की लगेच दवाखाना, कारण तापात फौज जास्त चवताळते. पायाला सूज किंवा पोटात कळ आली तरी लगेच, कारण रक्ताची गाठ होऊ शकते. भाभीनं हे सगळं ऐकलं. पळसाचं पाणी कायमचं सोडलं. "आता रंग दिसला तं त्यो रक्ताचाच हाय हे मले समजलं पायजे," असं तिचं म्हणणं. हळूहळू ती पुन्हा शिवायला बसली. चाल झपाझप राहिली नाही, आता बाजारात आम्ही दोघी बरोबरीनं चालतो.

पण रामीबाईंचा निरोप तसाच लोंबकळत होता. मी भावाला म्हटलं, जाऊन सांगून ये की सिकल नाही, पोरीला काही नाही. तो म्हणाला, "पोरीकडच्यानं कायले जाव? त्याईनं थांबवलं, त्याईनंच बोलाव." पुरुषांचा मान हा असा असतो, पोरगी मागच्या खोलीत रडत असली तरी तो ओसरीवर बसून राहतो. मी शेवटी रामीबाईंना फोन केला. लग्नाचा शब्दही काढला नाही. म्हटलं, "आमची भाभी आजारी हाय, पाहाले या. आजारी मानसाले पाहाले मुहूर्त लागते का?" याला कोणी नाही कसं म्हणणार?

त्या आल्या. जाडजूड, गोऱ्या, कमी बोलणाऱ्या. भाभी ओसरीवर एका नवरीची काचळी घेऊन बसली होती. पाणी झालं, चहा झाला, पिकापाण्याचं झालं. मग भाभीनंच विषय काढला. आडून बोलणं तिला येतच नाही.

"तुमी आयकलं असन, मले सिकल हाय म्हून," ती म्हणाली. "ते खोटं हाय. माहा आजार आलग हाय."

आणि हातातली काचळी पुढे करून तिनं सांगितलं. हे कापड म्हणजे पेशी. हे आरसे म्हणजे रखवालदार. फौज आली की आरसा पाहून ओळखते, हे आपलंच, आणि पुढे जाते. माझ्या रक्ताला आरसे टाचायला धागाच नाही. शास्त्र शंभर टक्के असंच नसेल, पण दारव्ह्याकडच्या बाईला पुसदकडच्या बाईनं समजवायला ते पुरे होतं. रामीबाई स्वतः काचळी शिवणाऱ्या. त्यांनी एक आरसा नखानं हलवून पाहिला.

"समजलं," त्या म्हणाल्या. "पन बाई, शिवनारी तं तुमीच. तुमचा धागा चुकला तं पोरीचा चुकला नसन कायावरून?"

मला राग आला. भाभीला आला नाही. ती म्हणाली, "मी धागा इसरली ते आत्ता. पोरगी त्याच्या पयलेच शिवून झालती. आन तिची शिवन येगळ्या घरातली, हे रक्ताचं येगळ्या घरातलं. डॉक्टरीणबाईले मी दोनदा इचारलं. पोरीले काही नाही."

रामीबाईंनी काचळी घडी करून बाजूला ठेवली आणि एकाएकी त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"मले माफ करा," त्या म्हणाल्या. "खोट तुमच्या घरात नाही, माह्या घरात हाय. सुनीलच्या रक्तात सिकल हाय, अर्धं. त्याले सोताले काही नाही, पन बायकोच्या रक्तात पन असलं तं लेकराले पुरं होऊ शकते. तुमाले सिकल हाय म्हून आयकलं. मंग पोरीत अर्धं असनच नं? सांगतली असती खरी गोठ तं तुमी म्हनले असते, असल्या पोराले पोरगी कायले देव? म्हून थांबू म्हनलं. त्याले पन बोलू नाही देल्लं."

भाऊ उठून उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "आन आमी इतके दिवस हिच्या रक्ताले शिव्या देऊन राह्यलो!" तो म्हणाला. "पोरगी रडून रडून अर्धी झाली. एक फोन नाही झाला तुमच्यानं?" त्याचं काही चुकत नव्हतं. माझ्याही तोंडावर दोन शब्द आले होते, आणि ते मराठीच्या बाईला शोभणारे नव्हते.

भाभीनं हातानंच त्याला खाली बसवलं. आता सगळं तिच्या हातात होतं. हो म्हणायचं की नाही, हे ठरवणारी आता ती होती, आणि रामीबाई मान खाली घालून बसल्या होत्या, जशी इतके महिने भाभी बसली होती. मला वाटलं, आता ही ऐकवणार. तिखट जिभेची माझी भाभी. ऐकवलं असतं तर मी तिला दोष दिला नसता.

तिनं विचारलं, "पोराले तरास होते का काही? हातपाय दुखते का?"

रामीबाईंनी वर पाहिलं. "नाही, बाई. काहीच होत नाही."

"मंग रडता कायले? पुसा डोये."

उज्ज्वला दाराआडून सगळं ऐकत होती, ती बाहेर आली. "उद्या मी सिकल तपासून येतो. मायकडून नाही, पन बाबाकडून आलं असन तं?" ती म्हणाली. आमच्या पोरी मुलासारखंच बोलतात, येतो, जातो. रामीबाईंना तिच्याकडे बघवत नव्हतं. जाताना भाभीला म्हणाल्या, "काही निघालं तं मी समजून घेईन. तुमच्यावर बोल नाही लावनार." आणि बस पकडायला गेल्या. त्यांची पाठ वळणावर दिसेनाशी होईपर्यंत भाभी ओसरीवर उभी होती.

उज्ज्वलाचं रक्त सरकारी दवाखान्यात दिलं. रिपोर्ट यायला वेळ लागला. त्या काळात भाभी दिवसातून दहा वेळा मला फोन करायची आणि दर वेळी एकच म्हणायची, "तिकडं रामीबाईचं कसं होत असन?" स्वतःच्या पोरीचं नाही, रामीबाईंचं. मी शेवटी ओरडले, तेव्हा म्हणाली, "लालीबाई, तुमाले नाही समजनार. मी बसली हाय त्या जागी."

रिपोर्ट नॉर्मल निघाला. उज्ज्वलाच्या रक्तात सिकलचा अंशही नव्हता. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की या दोघांच्या मुलांना तो आजार पूर्ण होणार नाही, फार तर सुनीलसारखा अर्धा येईल. भाऊ म्हणाला, "आता मी करतो फोन. जरा ऐटीत सांगतो. त्याईले पन जरा वाट पाहू दे." भाभीनं त्याच्या हातातून फोन काढून घेतला. नंबर लावला. पलीकडून रामीबाईंचा "हॅलो" पुरा होईपर्यंतही ती थांबली नाही.

"रामीबाई, पोरगी नॉर्मल निघाली. कवा येता?"